नळीतला ताप

बसवराजआप्पा हल्लाळेंनी विमान बांधलं
उदगीरला, मळणीयंत्रांच्या शेडमध्ये.
सहा वर्षं. पंख शेजारच्या भुसार गोदामात,
शेडमध्ये मावेनात म्हणून.

इंजिन भंगारातल्या जपानी गाडीचं.
पिस्टन नाही. तिकोनी रोटर,
भिंतींना तिन्ही खांदे घासत फिरणारा,
आणि धुराडं असं की अंधारात लाल दिसतं.

मे महिन्यात, पाझर तलावाकडेच्या मुरमावर
तीनदा धावलं, तीनदा गप्प.
टाकी भरलेली, पंप चालू,
पण नळीतच पेट्रोल उकळून वाफ झालेलं.
वाफेवर कुणाचं पोट भरतं?

वेल्डिंगवाली तहेरा म्हणाली,
"आप्पा, घरी माठ चुलीपाशी ठेवता का?"

पंप टाकीच्या बुडाशी गेला.
नळी धुराड्यापासून चार वीत लांब,
मधे पत्र्याचा आडोसा,
उरलेलं पेट्रोल फिरून परत टाकीत.

काल पुन्हा. बाहेर बेचाळीस, नळीत एकावन्न.
आप्पा आकडे मोठ्यानं वाचत होते,
लेकराच्या काखेतून थर्मामीटर काढल्यासारखे.

चाकं सुटली.
उभ्या तुरीइतकी उंच, फार तर.

उतरल्यावर त्यांनी आधी नळीला हात लावला,
मग चष्मा काढून पुसत बसले,
बराच वेळ.