सदतीस आया

नववी ब. सहामाहीचा गठ्ठा.
कोपरखैरणे, सेक्टर सात, दुसरा मजला.
पंख्याने पेपर उडू नयेत म्हणून
वर गोदरेजचं जुनं कुलूप.

प्रश्न पाच : माझी आई. गुण दहा.

पहिली आई पहाटे उठून अंगणात सडा घालते.
दुसरीही घालते.
अकराव्या आईपर्यंत
माझ्या खोलीत चिखल झालेला असतो.
सदतीस आया, एकच गोठा, एकच कपिला गाय
(वासरू तेवढं एकजण विसरलाय)
आणि सदतीस जणींच्या हातांना
ओल्या मातीचा वास.

या आया मला माहीत आहेत.
पालकसभेला येतात, बऱ्याचदा नाही येत.
एक महापेला गोळ्यांच्या पट्ट्या मोजते,
एक वाशीच्या मार्केटात कांदे निवडते.
बोनकोडेतल्या एकीच्या सासरी खरंच गोठा होता,
आता तिथे पाच मजले आहेत
आणि खाली मोबाइलचं दुकान.

स्टाफरूममध्ये म्हात्रेबाई म्हणाल्या,
"शून्य द्या सरसकट. गाईडातलं आहे, पान एकशे बारा.
आमच्या थोरल्यानेही हेच उतरवलं होतं."
सुपरवायझर म्हणाले, पालकांच्या सह्या घ्या.
मी चहा ढवळत राहिलो,
साखर केव्हाच विरघळलेली.

कारण पान एकशे बारा मी लिहिलंय.

दोन हजार चार साली, नौपाड्यातल्या प्रकाशकासाठी.
निबंधामागे ऐंशी रुपये, नाव येणार नाही या बोलीवर.
मी मुख्यमंत्री झालो तर,
फाटक्या छत्रीचे मनोगत,
असे चाळीस.
'माझी आई' लिहिला कळव्याच्या हॉस्पिटलात
तिच्याच खाटेच्या कडेला,
एक डोळा सलाइनच्या बाटलीवर.
माझ्या आईने गाय पाळली नव्हती.
ती वागळे इस्टेटला बल्बच्या कारखान्यात होती,
पण गाईडात बल्ब चालत नाहीत.
शेवटचं वाक्य एका दमात आलं :
'माझी आई थकलेली मी पाहिली नाही.'
मग नर्सला हाक मारायला उठलो.

तेव्हापासून दरवर्षी ते वाक्य
वेगवेगळ्या अक्षरांत माझ्याकडे परत येतं
आणि मी त्याला दहापैकी सात देत आलोय.

यंदा छत्तीस पेपरांत जसंच्या तसं.
प्रज्वल शेडगेच्या पेपरात मात्र पान संपलेलं.
घंटा झाली असेल,
किंवा एका शब्दासाठी पुरवणी कशी मागायची :
'माझी आई थकलेली मी पाहिली.'
पुढे पूर्णविराम. ठसठशीत.

लाल पेनाचं टोपण उघडंच राहिलं त्या रात्री,
सकाळी ते उमटेना.

सोमवारी त्याला बोलावलं. एकटा नाही आला.
सह्यांचं कळलं होतं घरी.
त्याची आई बाहेरच्या बाकावर बसली,
मार्केटातून परस्पर आलेली,
पदराला कांद्याचं साल चिकटलेलं,
आणि बसल्या बसल्याच डोळा लागला तिचा,
तोंड किंचित उघडं.
दारातून आम्हा दोघांनाही दिसत होती.

मी पेपर पुढे सरकवला.
म्हटलं, हे शेवटचं वाक्य वाच.
त्याने वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
पुन्हा वाचलं, आणि एकदम सुटल्यासारखा हसला,
"सॉरी सर. घाईत राहून गेलं."

मी काही बोलायच्या आत
माझंच नवं लाल पेन उचलून
त्याने पूर्णविराम खोडला
आणि समासात, जागा नव्हती तरी,
बारीक अक्षरात लिहिलं :
नाही.