पाणसळ

कुताइसीत, रिओनीच्या काठी,
पायमोज्यांचा एक बंद कारखाना होता.
किल्ली मुर्मानच्या खिशात,
परवाना अजून यायचाच होता.
आम्ही पाच जण. अकरा विद्यार्थी.
टेबलं नव्हती,
म्हणून आतली सगळी दारं बिजागऱ्यांतून उतरवली,
लाकडी घोड्यांवर आडवी टाकली,
डुगडुगणाऱ्या पायांखाली कागदाच्या घड्या सारल्या
आणि म्हटलं, चला, शाळा सुरू.

कड्या तशाच राहिल्या.
रेघ ओढताना पट्टी अडायची,
किल्लीच्या भोकातून पेन्सिली खाली पडायच्या.
एलिको म्हणाली, तिथे एक डबा ठेवा.
ठेवला.
आमच्या शाळेतलं ते पहिलं डिझाइन.

दारं नव्हती, त्यामुळे गुपितंही नव्हती.
पगार झालेला नाही
हे मुलांना आमच्याआधी कळायचं.
मुर्मान फोनवर उसने पैसे मागायला लागला
की सगळा वर्ग रंधे थांबवून गप्प व्हायचा,
त्याला पलीकडचं नीट ऐकू यावं म्हणून.
संडासापुरता त्सियालाने पडदा शिवला,
गोदामात सापडलेल्या मोज्यांचा.
त्यात एक जोडी जुळेल तर शपथ.

आता लोक विचारतात,
सुरुवातीला तुमचं तत्त्व काय होतं?
मी सांगते काहीतरी, ते लिहूनही घेतात.
मला आठवतं ते सरपण.
कुठल्या झाडाचं धुरायचं, कुठल्याचं नाही,
आणि जानेवारीत वीज गेल्यावर
हातमोजे घालून अक्षरं काढणारी ती मुलं,
त्यांच्या अक्षरांच्या जाड शेपट्या.

ओतियाबद्दल कुणी विचारत नाही.

त्किबुलीहून यायचा, खाणीच्या गावाहून, दोन बस बदलून.
चेस्टनटचं स्टूल केलं होतं त्याने,
खिळा नाही, सरस नाही, नुसती खाचेत खाच.
मी म्हटलं होतं, तीन पाय कर, तीन पायांचं कधी हलत नाही.
त्याला चारच हवे होते.
परीक्षेच्या दिवशी ते हललं.
तो म्हणाला, जमीन.
मी म्हणाले, नाचता येईना, अंगण वाकडं.

सगळे हसले.
दारं नव्हती, हसू इमारतभर फिरून आलं.
त्याने टोपी घातली.
स्टूल तिथेच राहिलं, कुंडी ठेवायला बरं म्हणून.

बावीस वर्षांनी पैसे आले, नवी फरशी आली.
बद्री गवंड्याने जुन्या जमिनीवर पाणसळ टेकवली,
बुडबुडा एकीकडे पळाला,
चार पावलं पुढे टेकवली, तर दुसरीकडे.
बाई, म्हणाला, हा रंगखाना होता ना,
चारी कोपऱ्यांतून उतार आहे,
मधल्या मोरीकडे.
बघा, बुजवलीय ती, पण आहे.
छान काम आहे हो, थेंब राहायचा नाही.

म्हणजे वाकडं अंगणसुद्धा
कुणीतरी विचार करून आखलेलं होतं.
आणि आम्ही, रचना शिकवणारे पाच जण,
रोज सकाळी कागदाच्या घड्या सारत होतो
आणि नवलही वाटलं नाही कुणाला.

आता चार मजले आहेत. दारं कार्ड लावल्यावर उघडतात.
वर्धापनदिनाला फाटकावरच्या पोराने
मला विचारलं, कुणाला भेटायचंय?
क्षणभर खरंच सुचेना.

आत गेले. कुंडी उचलून खाली ठेवली,
स्टूल नव्या फरशीवर मांडलं.
एका बोटाने दाबलं, मग तळहाताने.
हललं नाही.
बसायचं धाडस झालं नाही.

त्किबुलीला फोन लावला होता परवा.
त्याची वहिनी बोलली बहुतेक,
मागे भांडी वाजत होती.
ओतिया? तो पोलंडला असतो, वर्षं झाली.
छपरं घालतो, म्हणाली.
उतारांचं काम.