राहिलेल्यांची यादी

मार्चमध्ये नर्स मालेरातो आली
तेव्हा सेन्कू नदी फुगलेली होती.
घोड्यावरून आली, निळी शीतपेटी पोटाशी धरून,
जशी कुणी अंड्यांची टोपली धरतं.
सातवीच्या वर्गात रांग लागली.
सगळ्यांत धीट म्हणवणारी लिंफो
सुई दिसायच्या आधीच भोवळून पडली,
आणि मग उरलेल्या हसत हसत टोचून घेऊन गेल्या.

पलीकडच्या वस्तीतल्या सात जणी आल्याच नाहीत.
मी हजेरीत सात फुल्या मारल्या.
वही मिटत होते तर ती म्हणाली,
राहिलेल्यांची यादी द्या.
मी म्हटलं, राहिल्या त्या राहिल्या.
पेटीचा पट्टा आवळत ती म्हणाली,
राहिल्या म्हणजे इथेच आहेत, बाई.
संपल्या नाहीत.

मे महिन्यात, मैदानावर हिव पांढरं पडलेलं असताना,
ती पुन्हा आली. सात जणींसाठी.
पाच आल्या.
एक मावशीकडे मासेरूला गेली होती.
तिच्या नावाची चिठ्ठी मी त्या दवाखान्याच्या पत्त्यावर लिहिली,
पोचली का ते अजून कळलेलं नाही.
सातवी पुसेलेत्सो.
तिचा भाऊ खाणीवर गेला तेव्हापासून
डोंगरावरच्या गोठ्यात गुरं तिच्याकडे.
जानेवारीनंतर तिला वर्गात कुणी पाहिलं नव्हतं.
मी एका पोराबरोबर निरोप धाडला होता,
पण डोंगराकडे धाडलेल्या निरोपाचा
भरवसा धरायचा नसतो.

अकरा वाजता फाटकाशी दोन कुत्री दिसली.
मागून भावाचे गमबूट, त्यात ती,
खांद्यावर घोंगडी, घोंगडीला शेणकुटाच्या धुराचा वास.
दारातच तिनं विचारलं,
आता मी चौदा पुरी केली. चालेल?
नर्सनं हातावरची बोटं मोजली, कार्ड पाहिलं.
चालेल, म्हणाली. उशिराचाही रकाना असतो.

मीही तेव्हा मनात मोजून पाहिलं.
मी चौदाची होते तेव्हा
अशी पेटी या डोंगरात येत नव्हती.
विचारलं नाही काही.
कापसाचे बोळे तेवढे पुढे केले.

टोचल्यावर पंधरा मिनिटं बसायचं असतं.
बसायला वर्गाशिवाय जागा नव्हती,
म्हणून ती शेवटच्या बाकावर बसली,
दंड धरून, गमबूट बाकाखाली ओढून.
फळ्यावर अपूर्णांक चालू होते.
अर्धा अधिक एक चतुर्थांश किती,
मी विचारलं, आणि रोजची ती शांतता पसरली.
पाऊण, मागून आवाज आला.
सगळ्या वळून बघायला लागल्या.
तिनं मान खाली घातली, जणू चोरी पकडली होती.

पंधरा मिनिटं झाली. नर्सनं मान डोलावली.
मी आणखी एक गणित लिहायला घेतलं,
मुद्दाम सावकाश, खडू मोडेपर्यंत.
अर्धा अधिक एक अष्टमांश.
बाहेर कुत्री भुंकायला लागली.
गुरं मोकळी आहेत, ती म्हणाली, आणि उठली.

नर्सच्या कार्डावर तिच्या नावापुढे आज तारीख आहे.
माझ्या वहीत जानेवारीपासून फुल्याच आहेत,
आणि मासेरूच्या कचेरीनं छापलेल्या या वहीत
उशिराचा रकाना नाही.
मी पट्टी घेऊन बसले होते, समासात एक आखावा म्हणून,
तेवढ्यात उतारावरून, बऱ्याच लांबून,
कुणीतरी ओरडलं:
पाच अष्टमांश!