इतर, असल्यास लिहा

मॅडमनी फॉर्म वाटले गोल्फ क्लबच्या पायऱ्यांवर,
पहाटेचा सराव संपून पोटऱ्या अजून थरथरत होत्या.
प्रश्न अकरावा: पोलीस भरतीकडे तुम्ही का वळलात?
पगार. वर्दीचा मान. देशसेवा. घरच्यांची इच्छा.
एकावर खूण करा.

हर्षाली गांगुर्डेनं वाचायच्या आधीच पगारावर केली.
मी पेनाचं टोपण चावत बसले.

घरच्यांची इच्छा म्हणावी, तर
आई खाकी रंगाची पिशवीसुद्धा घरात ठेवत नाही.
पेठ रोडला कुठंही कुलूप तुटलं
की जीप आधी आमच्या पालांकडे वळायची
आणि बाप द्राक्षबागेतून पळायचा,
तारांखालून, अनवाणी,
काही केलेलं नसताना.
त्याची वेळ कुणी लावली नाही.
माझे पाय त्याच्यावर गेलेत.
सर म्हणतात, काळे, तुझा स्टार्ट उपजत आहे.

मानाचं म्हणावं, तर
मी सात वर्षांची, चौकीच्या बाकावर,
भिंतीपलीकडे बाप, फाटकाबाहेर आई.
एक बाई आल्या, छातीवर पट्टी: शेलार.
बिस्किट दिलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही.
वही उघडून विचारलं,
शेवंता की शेवंती?
आणि मी सांगितलं तेच लिहिलं.
तोवर आमचं नाव दुसराच कुणी सांगायचा,
लिहिणारा तिसरंच लिहायचा.

त्या रात्री बाप काही सुटला नाही.
हेही सांगायला हवं.

खाली एक बोटभर रेघ होती: इतर, असल्यास लिहा.
मी लिहिलं, आठशे मीटर, दोन मिनिटं बावन्न सेकंद.
मॅडम म्हणाल्या, अगं, हे कारण नाही.

भाऊ म्हणतो, उद्या तूच येशील त्या जीपमधून.
येईन.
पुढचं मला अजून ठरवता आलेलं नाही.

गोळा चार किलोचा, उसना, रात्री पालात असतो.
वारा सुटला की आई तो ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवते,
ठेवताना एक शिवी हासडते,
गोळ्याला की कुणाला, कळत नाही.
साडेचारला मी तो उचलते.
कोपरा फडफडतो, गार हवा आत घुसते.
आई डोळे न उघडता कूस बदलते,
पाय लांब करते
आणि टाचेनं कोपरा दाबून धरते.