निशाणी एकेचाळीस

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाबाहेर, कडुनिंबाखाली
माझं टेबल. एक पाय आखूड, त्याखाली विटेचा तुकडा.
बावीस वर्षांत काय काय टाईप केलं :
धुऱ्याचे वाद, भाडेकरू, न वटलेले चेक.
पण प्रतिवादीच्या रकान्यात
अख्खी टोळी बसवायची पाळी
चंद्रभागा पौनीकरांनी आणली.

नाईक तलावाकडच्या बाई.
मुदत संपायला एकोणीस दिवस होते.
नवऱ्याची स्क्रीन प्रिंटिंगची खोली.
कुणाच्या तरी सभेची पत्रकं छापली म्हणून
शटर बाहेरून ओढलं आणि पेटवलं.
देवराव आत होते.

"नुकसानीचा तपशील सांगा,"
तो रकाना रिकामा चालत नाही.
चार फ्रेमा. शाईचे डबे. टेबल फॅन.
वय एक्कावन्न, महिन्याची कमाई,
गुणिले उरलेली वर्षं.
मग थांबल्या.
"जांभळा रंग त्यायच्याच हातानं जमे. तो नका लिवू.
तो मले विकायचा नाई."

चौथ्या उन्हाळ्यात फौजदारीतून सगळे सुटले.
साक्षीदारांना चेहरे आठवेनात.
गेटवर ढोल वाजले,
गुलाल माझ्या कार्बनपर्यंत आला.
"आता आपलाबी गेला?"
निखारे वकीलबाई चहात टोस्ट बुडवत म्हणाल्या,
तिकडे संशयाचा फायदा मिळतो.
इकडे नुसता तराजू आहे.
काटा जरासा आपल्याकडे कलला, की पुरे.

मग त्यांची कैफियत आली. मीच वाचून दाखवली :
सदर संघटना नोंदलेली नाही, सबब ती अस्तित्वात नाही.
तिला कार्यालय नाही, खातं नाही, अध्यक्ष नाही.
सेहेचाळीस अंशांत मला हसू आलं.
जे नाहीच, ते काडी कशी ओढेल?
बाई हसल्या नाहीत. ऑटो करून घरी गेल्या

आणि दोन तासांनी एक ताव घेऊन आल्या,
हळदीचे, तेलाचे गोल डाग पडलेला.
फळीवर डब्यांखाली अंथरला होता.
बिघडलेला कागद देवराव फेकत नसत.
तावावर चार पावत्या, कापायच्या राहिलेल्या :
देणगीदाराचं नाव, रुपये अक्षरी,
संघटनेचं बोधचिन्ह, हॉलचा पत्ता,
बँक खात्याचा नंबर, अध्यक्षाच्या सहीची जागा.
शाई जांभळी.
तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत :
मुद्रक, दे. पौनीकर, नाईक तलाव.

निशाणी एकेचाळीस.
उलटतपासात विचारलं, हे बनावट नाही कशावरून?
बाई म्हणाल्या, "बँकेले विचारा."
बँकेला विचारलं.

सातव्या वर्षी हुकूमनामा झाला.
वरती अपील पडून आहे, पैसा अजून हाती नाही.
पण स्थगिती मिळाली नाही,
आणि बेलिफ बोपचे परवा सांगत होते,
हॉलमधल्या पोरांनी विचारलं, कोणाच्या नावानं जप्त करून रायले?
तुमच्याच, म्हटलं,
अन् भोंग्यावर चिठ्ठी डकवली.

आज दरखास्तीचा पुढचा अर्ज होता.
सगळा टाईप झाल्यावर बाई म्हणाल्या,
"अजून एक लिवा, बावा.
त्या पावतीपुस्तकायचे
अठराशे चाळीस रुपये बाकी हायेत. देलेच नाईत."
म्हटलं, आई, ते या अर्जात बसत नाही.
"मालूम हाये. येगळ्या कागदावर घ्या."

वेगळ्या कागदावर घेतलं.
पानाचे दहा रुपये त्यांनी मोजून दिले.