छेद

वेळेवर म्हणजे
एक मिनिट आधीपासून पाच मिनिटं उशिरापर्यंत.
ही व्याख्या मला तोंडपाठ आहे,
डलुथच्या बस कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर.
फेब्रुवारीची वक्तशीरता : एक्क्याण्णव पूर्णांक चार.
बोर्डाच्या बैठकीत हा आकडा हिरवा दिसेल.

शाळेतलंच गणित. वर अंश, खाली छेद.
वर वेळेवर आलेल्या फेऱ्या, खाली धावलेल्या.
जी धावलीच नाही
ती उशिरा आली असं कसं म्हणणार?
चौदा नंबरची पहाटे पाच-बाराची गाडी
ड्रायव्हर नाही म्हणून अकरा दिवस सुटलीच नाही,
आणि तेवढ्यानं
आमचा आकडा जरासा वर सरकला.

खात्री करायला गेलो एकदा टेकडीवरच्या थांब्यावर.
उणे अठरा अंश. सरोवरावरचा वारा कान कुरतडत होता.
मार्लिस टॉफ्टे तिथे उभी.
इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालते, बत्तीस वर्षं.
मी कोण ते कळल्यावर रागावली नाही.
हातमोजा दातांनी ओढून
पिशवीतून बँकेचं फुकटचं कॅलेंडर काढलं :
आली. नाही. नाही.
आली, भरलेली, थांबली नाही.
नाही, डेलनने सोडलं. नाही, चालत.
एका चौकोनात नुसतं : एक तासाचा पगार.

"तुमच्याकडेही असेलच की हे," ती म्हणाली.

असेलच की.
दर सहा सेकंदांनी गाडी कुठे आहे ते आम्हाला कळतं,
दार किती वेळ उघडं राहिलं तेही.
फक्त न आलेल्या गाडीची
वाट पाहणाऱ्या माणसाला
आमच्या तक्त्यात रकाना नाही.

त्या आठवड्यात मी छेद बदलला.
धावायला हव्या होत्या त्या सगळ्या फेऱ्या खाली घेतल्या.
आकडा त्र्याऐंशीवर घसरला, पिवळा पडला.
ऑर्विल, माझा साहेब, पडद्याकडे बघत राहिला.
"मग मागच्या तिमाहीशी तुलना कशी करायची?"
प्रश्न काही चुकीचा नव्हता.
शेवटी ठरलं, मूळ आकडा राहू दे, तळटीप देऊ.
दिली. बारीक अक्षरात, पण दिली.

आज सोमवार. पाच वाजून दहा मिनिटं.
मी स्वयंपाकघरात, अनवाणी, फोन हातात.
एक बोट टेकवलं तर कळेल
चौदा निघाली की नाही.
मी आधी अंश पाहतो.
उणे एकवीस.