बिब्याचं झाड

घटांगच्या पुढे डांबर सोडलं.
टायरमधली हवा थोडी काढली,
फूटरेस्टवर उभा राहिलो
आणि गाडी खडीवरून शेळीसारखी निघाली,
आपल्या मर्जीनं.

सिपनेत पाणी पोटरीएवढंच.
गोटे मात्र शेवाळलेले.
मधोमध पुढचं चाक सरकलं
अन् मी आडवा.
सायलेन्सर बुडबुडत राहिला
डबक्यातल्या म्हशीसारखा.

काठावर मोहफुलं वेचणारी सुगरती बेठेकर
टोपली ठेवून पाण्यात उतरली,
मागचं चाक तिनंच उचललं.
"कोन्या कामाले चालला?"
काम नाही, म्हटलं. असंच. डोंगर पाहायला.
ती हसली नाही. विचारात पडली.
मग पोराला कोरकूत काही सांगितलं,
तो धावत जाऊन पिशवी घेऊन आला.
"चौराकुंडात माही पोरगी देली हाय.
घरापुढं बिब्याचं झाड. कुटकी दे तिले."

प्लग पुसला.
अकराव्या किकला गाडी बोलली.

पुढचा चढ तसाच,
तेच सागाचे बोडके बुंधे,
पण क्लच आता जपून सोडत होतो,
टाकीवरची दोन किलो कुटकी सांडू नये म्हणून.
वाटेत एक दरड, अस्वलाची ताजी विष्ठा,
खाली निळी पडत गेलेली दरी.
फोटो काढायचं राहूनच गेलं.

चौराकुंडात बिब्याची झाडं तीन निघाली.
तिसऱ्या दारातल्या बाईनं
पिशवीची गाठ पाहिली, माझ्याकडे नाही.
"माय बरी हाय नं?"

बरी आहे, म्हणालो.
गाडी उचलते.